ज्यानं पाडलं, त्यानंच निवाडा

जेसीबीनं न्हाणीची भिंत पाडली तेव्हा मी आत अंग धूत होते.

आवाज आला होता. वाटलं, पलीकडे कुणाच्या वावरात काम चाललं असेल. मग विटा कोसळल्या. डोळ्यांत साबण. हाताला लागलं ते लुगडं छातीशी धरलं आणि उभी राहिले. समोर भाऊ. त्याच्या मागे अर्धं गाव. जेसीबीचा ड्रायव्हर तेवढा खाली बघत होता. बाकी कुणी नाही.

भाऊ म्हणाला, "झालं असन धुनं तर बाजूले हो वं. कामाचा खोळंबा नको करू."

भाऊ हसला, मग लोक हसले. बायाही हसल्या.

भाऊ म्हणजे सरपंचबाईचा नवरा; सगळं गाव त्याला भाऊच म्हणतं. सही तिची, खुर्ची त्याची. त्याचं गोदाम आमच्या वस्तीच्या मागे. ट्रॅक्टरची ट्रॉली वळवायला आमची न्हाणी आडवी येत होती. म्हणून सकाळी ग्रामपंचायतीत ठराव झाला, न्हाणी अतिक्रमण आहे. दुपारी जेसीबी आला. नोटीस नाही, निरोप नाही. त्याच गल्लीत त्याच्या चुलतभावाचा ओटा रस्त्यात आलाय. तो आजही तसाच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या वस्तीत बायांनी उजाडायच्या आत अंग धुवायचं, अशीच रीत. मला ती मोडायची होती. कापूस वेचून वेचून मी ती न्हाणी बांधली होती. दार लावून, उजेडात, पाणी अंगावर घ्यायचं होतं. एवढंच.

ठाण्यात गेले. शिपायानं गाव विचारलं आणि माझ्यासमोरच फोन लावला. "भाऊ, तुमच्या इथली एक बाई आली हाय. काय करू?" मग मला म्हणाला, "गावातलं गावात मिटवा. तंटामुक्ती समिती हाय ना तुमची?"

तंटामुक्तीचा अध्यक्ष कोण? भाऊ.

तहसीलला गेले. साहेब म्हणाले, "ठराव ग्रामपंचायतीचा आहे. अर्ज तिकडेच द्या."

तो अर्ज घेणार कोण? भाऊ.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि शाळा आठवली. माझं माहेर मेहकरकडचं. तिथं नागरिकशास्त्राचे सर सांगायचे, कायदा करणारे वेगळे, तो राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. घटनेनं सत्ता अशी वाटून दिली, कारण सगळं एकाच्या हातात गेलं की तो माणूस कुणाचं ऐकत नाही. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरले. तेव्हा वाटायचं, हे दिल्लीचं काहीतरी आहे. त्या दिवशी कळलं, हे माझ्या न्हाणीचं आहे.

कळून काय झालं? काही नाही. उलट जास्त भीती वाटली. आधी वाटत होतं, कुठंतरी कुणीतरी ऐकेल. आता दिसलं की मी ज्या दारात जाईन, तिथून मला त्याच्याच दारात पाठवतील.

समिती देवळाच्या सभामंडपात बसली. आम्ही दोघं नवरा-बायको खाली, पायरीजवळ. वर मधोमध भाऊ. बाजूला त्याचीच माणसं. तो म्हणाला, "हिनं ठाण्यात जाऊन गावाची बदनामी केली. हात जोडून माफी माग, इषय खतम."

नवरा कानाशी म्हणाला, "जोड न हात. इथंच राहाचं हाय आपल्याले. काम कोन देईन मंग?"

तो भित्रा नाही. त्याचं खरं होतं. माझे हात वर आले. छातीपर्यंत आले. तेवढ्यात भाऊ शेजारच्याकडे बघून हसला. न्हाणी पाडताना हसला होता तसाच.

हात खाली गेले.

"मी माफी नाई मांगत."

"काय म्हनलं?"

"ठराव तुमचा. जेसीबी तुमी आनला. आता निवाडाबी तुमीच करून राह्यले. मंग माह्या बाजूनं ऐकनारा कोन? ज्यानं पाडलं त्यानं निवाडा नाई करायचा. मी कोर्टात जाईन."

भाऊ म्हणाला, "जाय. कोर्टबी पाहू तुह्यं."

त्यानंतर गावात मला कुणी वावरात तण निंदायला बोलावलं नाही. नवरा दूर वीटभट्टीवर गेला. बाया पाण्यावर माझ्याशी बोलेनात. बुलडाण्याच्या एका वकीलबाईंनी केस घेतली.

एका तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "पाडण्याआधी नोटीस दिली होती का?" भाऊचा वकील कागद चाळत राहिला. भाऊ हात मागे बांधून उभा. त्या खोलीत त्याला कुणी भाऊ म्हणालं नाही. शिपायानं पुकारा केला तो नुसत्या नावाचा. कुणीतरी त्याच्याकडून उत्तराची वाट बघतंय, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग पुढची तारीख मिळाली. मग आणखी पुढची. न्याय मिळाला असं मला सांगता येत नाही. मिळेल का, तेही माहीत नाही. मी अजून अंधारात उठते, दोन बाजा उभ्या करून त्यांना साडी बांधते आणि घाईघाईनं अंग धुते.

परवा सरपंचबाई दारात आली. एकटीच. मी चहा ठेवला. ती खाली बघत म्हणाली, "केस काढून घे वं माय. ते म्हनते, नवी न्हानी बांधून देतो. टाईल्सवाली."

"बांधून देईन तोबी तोच, अन् मन फिरलं का पाडीन तोबी तोच. त्यायले सांगा, मले त्यायची न्हानी नाई पायजे."

"मंग काय पायजे तुले?"

"माह्या तंट्यात त्यायनं न्यायाधीश होऊन बसू नये. हे कोर्टानं सांगितलं पायजे."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुह्यानं होईन हे?"

"माहीत नाई."

ती उठून गेली. पुढची तारीख पडली आहे. मी जाणार आहे. हरेन कदाचित. पण निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला त्याला तिथं यावं लागेल, माझ्याशेजारी उभं राहावं लागेल, आणि विचारलं की उत्तर द्यावं लागेल. केस मी काढून घेणार नाही.