बाणाऐवजी धोटा

आमच्या गल्लीत भिंती रंगवणारी एक बाई राहते. काम घेण्याआधी ती भिंतीवर थाप मारून कान लावते. आवाज पोकळ आला की सरळ सांगते, "हिला आधी प्लास्टर करा, मंग मला बोलवा."

नाक्यावरच्या कॅफेवाल्याला सेल्फीसाठी भिंतीवर मोठं लाल हृदय हवं होतं. तिने काढलं झकास, पण बाणाच्या जागी लूमवर धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा घातला. धोट्यामागे पांढरा धागाही सोडला.

कॅफेवाला भडकला. "मौसी, दिल में तीर होता है!"

"तीर लागून कोनाचं भलं झालंय, शेठ? ह्यो धोटा जातो नि परत येतो. न्हाय पटत तर तूच पूस." तिने ब्रश त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात जवळच्या यंत्रमाग कारखान्यातली शिफ्ट सुटली. घरी निघालेले लूमवाले भिंतीपाशी थबकले, हसले, एकेक जण धोट्याशेजारी उभा राहून फोटो काढू लागला. कॅफेवाल्याने ब्रश गुपचूप परत केला. "मौसी, धागा थोडा और लंबा करो."

तिने तो लांबवत थेट आमच्या दारापर्यंत आणला. आता कुणी पत्ता विचारला की मी ऐटीत सांगतो, "नाक्यावर या आणि धागा धरून चालत राहा."