दिल्लीत मेले आणि गायले

त्या दिवशी तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, माझे पेटीवाले गजाभाऊ, तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी मेघनाताई, दिल्लीच्या सरोजिनी नगरातले म्हातारे देशपांडे, आणि खुर्च्यांवर मंडळी.

पुण्याहून गाडीनं निघालो. पेटी गजाभाऊंच्या मांडीवर. मी पूर्वी संगीत नाटकात गायची. कंपनी बुडाली, मग पोट मालिकांवर चाललं. मालिकेत म्हातारीला गाणं नसतं. खोकायचं आणि मरायचं. किती घरांत मेले, मोजलं नाही. दिल्लीचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं, गळा जायच्या आत एक पद तरी होईल.

कार्यक्रम दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्रामला. बघावं तिकडं उंच इमारती. गेटवरचा गार्ड मला बघून मागंच सरला. "अम्मा, आप तो परसों गुज़र गईं!" मालिका हिंदीतही लागते.

गजाभाऊ म्हणाले, "हां, तेरावे के वास्ते आए हैं."

त्यानं हात जोडून आत सोडलं.

मेघनाताईंनी छोले-कुलचे (चण्याची उसळ नि मऊ रोटी) खायला घातले. मग म्हणाल्या, "आजी, तुमचा डेथ सीन ठेवलाय. बिल्कुल टीव्हीसारखा करा हं."

"आणि पद?"

"गाण्याला टाइम नाही हो. नंतर मुलांचा डान्स आहे."

गजाभाऊ म्हणाले, "मग पेटी काय प्रेताच्या उशाला आणली?"

स्टेजवर पलंग, उशी, हारसुद्धा तयार. मी खोकले, नसलेल्या सुनेला किल्ल्या दिल्या, मेले. तेवढं नीट जमतं मला. बायकांनी डोळे पुसले. मेघनाताई हार घेऊन पुढं आल्या, तोच मागून देशपांडे ओरडले, "वन्स मोअर!"

आमच्या नाटकाची रीत अशी, की वन्स मोअर आला तर मेलेल्यानंही उठायचं, पद परत म्हणायचं आणि पुन्हा मरायचं. मी उठून बसले. एक पोरगी किंचाळली.

"पद म्हणा, बाई!" देशपांडे.

गजाभाऊंनी सूर धरलाच होता. गायले. वरचा षड्ज फाटला. फाटका तर फाटका, धरून ठेवला.

मेघनाताई कानाशी आल्या. "आजी, डान्स..."

"थांबा बाई, मला अजून मरायचंय."

मेले. परत वन्स मोअर. या वेळी खुर्च्यांवरच्या सगळ्यांचा.

मेघनाताई हार हातात घेऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. "चलो, गा आता. पण मरू नका यार."

परतताना गाडीत आवाज पार बसला. चहासुद्धा खुणेनं मागितला. वाईट नाही वाटलं. गळा गाण्यानं बसला, खोकून नाही.

वाचणाऱ्यांनो, बोलवाल तिथं येईन, सांगाल तसं मरेन. फक्त गजाभाऊंना पेटीसकट एक खुर्ची ठेवा.