व्हिएतनामहून शिकायला आलेल्या दोघी

रबाळ्याला आमच्या कारखान्यात मिक्सर बनायचे. मोटरच्या वायरी सोल्डर करणाऱ्या लाइनची मी सुपरवायझर होते. एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मोटर आता व्हिएतनामला बनवून घ्यायची. तिथे स्वस्त पडते. त्यांच्या दोन मुली शिकायला येतायत, त्यांना तुम्ही तयार करा. नंतर तुम्हाला बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात आलेला माल तपासायला घेतो."

"आणि लाइनवरच्या बायका?"

साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, "नियमाने जे द्यायचं ते देऊ."

मी आधी ताईला सांगितलं. ताई दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली, माझ्यापेक्षा मोठी, लाइनवरची सगळ्यात जुनी. ती भडकलीच. "मी नाय शिकवनार. आपल्याच हातानं आपली खुर्ची द्यायची त्यांना? तू शिकव, तुला गोदाम हाय."

ते लागलं मला. पण कामोठ्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. मी साहेबांना होकार कळवला.

मुली आल्या. विशीतल्या, लाजऱ्या. बोलणं सगळं मोबाइलवर. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. पहिल्याच दिवशी त्यातल्या बारक्या मुलीने सोल्डरिंग गन चुकीच्या जागी धरली आणि बोट भाजून घेतलं. मी धावेपर्यंत ताईने तिचा हात नळाखाली धरलाही होता. वर माझ्यावरच ओरडली, "पोरीला गन कशी धरायची ते तरी आधी दाखवायचं ना!"

त्यानंतर त्या मुलीला ताईनेच शिकवलं. जेवायच्या सुट्टीत डब्यातला सुका जवळा तिच्या ताटात वाढला. मुलगी वास घेऊन हसली, मोबाइलवर फोटो दाखवला: तिची आई नदीकाठी मासळी सुकवत होती. ताई फोटो बघत बसली.

मग मुलीने फोनमध्ये काहीतरी विचारलं. फोन हिंदीत बोलला, "आपका कारखाना बड़ा हो रहा है, इसलिए हमें सिखा रहे हो?"

आमची लाइन बंद होणार हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ताईकडे बघितलं.

"हो म्हन तिला," ताई हळूच म्हणाली.

मी हो म्हटलं.

त्या परत गेल्या आणि काही महिन्यांत लाइन बंद झाली. मी द्रोणागिरीला जाऊ लागले. पहिला कंटेनर उघडला तेव्हा माल खराब निघावा असं मला मनापासून वाटत होतं. निघाला असता तर लाइन पुन्हा सुरू झाली असती, अशी वेडी आशा. एकेक मोटर उलटीसुलटी करून पाहिली. जोड स्वच्छ, एकसारखे. मी माल पास केला.

रविवारी दिवाळ्याला गेले. ताई आता तिथल्या बाजारात मासळी विकायला बसते.

"कसा आला माल?" तिने विचारलं.

"चांगला आलाय."

"येनारच," ती म्हणाली. क्षणभर तिचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. सुरी खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तिने भाव सांगितला, आणि मी तिच्या बाजूला बसून कोळंबी पिशवीत भरू लागले.