बॉलला कळतं

हडपसरपासून स्वारगेटपर्यंत माझ्या धाकट्या मामांइतका ठाम आणि त्यांच्याइतका चुकीचा माणूस दुसरा झाला नसेल. सिनेमा, गाणी, क्रिकेट, कुठल्या नटाचं लग्न टिकणार आणि कुठल्या नटीनं आता घरी बसावं, या सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे, आणि बहुतेक वेळा ती गोष्ट घडण्याआधीच तयार असे. सिनेमाचं परीक्षण ते पोस्टरसमोर उभ्या उभ्या उरकत. थेटरात गेलेच तर मध्यंतराला उठत. "पुढं काय करणार हाय तो? मारामारी, नाहीतर रडारड." मग बाहेर वडापाव खात थांबत, आणि शेवटपर्यंत बसलेली मामी बाहेर आली की तिलाच सिनेमाचा शेवट समजावून सांगत. तिनं पाहिलेला शेवट वेगळा निघाला तर चूक दिग्दर्शकाची.

नव्या गाण्यांना ते 'कम्प्युटरची गाणी' म्हणत. "लाइट गेली की गायक मुका." नटनट्या मात्र त्यांच्या लेखी सोयरेच. एका नटाचा घटस्फोट झाल्याचं पेपरात आलं, तर मामांनी ताट बाजूला सारलं. "मी तेव्हाच म्हणलो होतो, ही सोयरीक नको." कुणाला म्हणाला होतात, असं मी विचारलं. "तुझ्या मामीला. आणखी कुणाला सांगणार?" बुद्धिबळाला ते खेळच मानत नसत. "तुझ्या बापाच्या सभेसारखं हाय ते. दिवसभर डोकं धरून बसायचं, आणि राजा आपला जागेवरच."

माझे वडील पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध, खाजगीकरणाविरुद्ध, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध. माझी अक्षरओळख झाली ती पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून, आणि दुनिया बदलायची तर ती पुढच्या आठवड्यापर्यंत बदलली पाहिजे असं मला आजही वाटतं. मामा मला 'पत्रकबाई' म्हणत. ते ज्या कारखान्यात होते तो बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी जागून एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि सगळ्यात आधी मामांना वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "सुरुवात झकास. इंटरव्हलनंतर पडलंय." कारखाना खरंच बंद झाला. त्या जागी काचेची इमारत उभी राहिली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली तिथं बसमधून उतरू लागली. नोकरी गेलेला हा माणूस त्या इमारतीकडे बघत काय म्हणाला असेल? "काचेशेजारी पोरांनी क्रिकेट खेळायचं कुठं? माझा आक्षेप तेवढाच हाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

पण माझं खरं भांडण क्रिकेटवरून होतं. आईच्या वडिलांनी, माझ्या आजोबांनी, धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव मांजरी गावाजवळ नदीत सोडले. त्यानंतर आमच्या घराण्यात नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. मामांना याचा केवढा अभिमान! आणि याच मामांनी आजोबांनी नदीत सोडलेलं सगळं केबलच्या वायरीतून घरात परत आणलं. चौकार बसला त्या क्षणी जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं, हा नियम. एकदा मामी झाडू घेऊन पलंगाखाली वाकलेली असताना षटकार बसला. जोडी फुटेपर्यंत ती बिचारी तिथंच बसून राहिली आणि गॅसवर भात करपला. "भात उद्याही होईल," मामा म्हणाले.

आणि मी? मी पांढऱ्या पायाची. शाळेत असताना आईनं दिलेला शेवयांचा डबा घेऊन मी मामांच्या टीव्हीच्या खोलीत शिरले आणि आपला सगळ्यात भरवशाचा फलंदाज बाद झाला. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं गेले, तर दुसरा. तेव्हापासून सामना चालू असताना मला आत मज्जाव. मी दाराबाहेरच्या पायरीवर बसायचं, खिडकीतून आवाज ऐकायचा, मामी गजांमधून चहा द्यायची. मला क्रिकेट आवडत नसतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मला ते वेड्यासारखं आवडायचं. सगळी भावंडं आत एकमेकांच्या अंगावर रेलून ओरडायची, आणि मी एकटी भिंतीला कान लावून. एकदा, फक्त एकदा, शेवटच्या ओव्हरला मला त्या खोलीत बसायचं होतं.

"मामा, तो माणूस समुद्रापलीकडे खेळतोय. मी आत आल्याचं त्याला कसं कळणार?"

"त्याला कुठं कळतंय? बॉलला कळतं."

मी अंधश्रद्धेवरची पत्रकं त्यांच्या दाराखालून सरकवली. मामीनं ती डब्यांखाली अंथरली. बाईमाणसाला अपशकुनी ठरवणारा समाज वगैरे मी तावातावानं बोलले. मामा म्हणाले, "बाईमाणसाचा प्रश्न न्हाई. तुझ्या बापालाही मी आत घेत न्हाई."

मग मामांच्या छातीवर मोठी शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर मी भेटायला गेले. आत सामना चालू होता, शेवटच्या ओव्हरी. सवयीनं मी पायरीवर बसले. आतून बारीक आवाज आला, "पत्रकबाई, आत या."

"अहो, अटीतटीचं चाललंय," मामी दबकत म्हणाली.

"येऊ दे गं पोरीला."

मी आत गेले. मामांनी पाय आखडून पलंगावर जागा केली. मी टेकले मात्र, यष्टी उडाली. मामीनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मामा छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "फटकाच वाईट होता. हिचा काय संबंध?"

इतकी वर्षं मला हेच वाक्य ऐकायचं होतं. एवढ्या पत्रकांना जे जमलं नाही ते झालं होतं. पण ते बोलताना मामांच्या आवाजात जोरच नव्हता. मला पटवायला, खोटं पाडायला, हाकलायला लागतो तो जोर. त्यांचं मनगट चादरीवर नुसतं पडलं होतं. मला ते सोसेना. मी उठले, चपला घातल्या आणि पायरीवर जाऊन उभी राहिले.

पुढच्याच चेंडूला आत टीव्हीवर टाळ्यांचा गजर झाला, आणि त्यावरून मामांचा जुना, खणखणीत आवाज खिडकीबाहेर आला. "हलू नकोस तिथनं!"

मी हलले नाही.

आता त्या खोलीत मला कुणी अडवत नाही. मी खुशाल पंख्याखाली बसते, मामांच्या रिकाम्या जागेपासून जरा अंतर सोडून. पण सामना अटीतटीला आला की उठून बाहेर जाते. मामी गजांमधून चहा देते.