भावोजी आणि गुलमर्गचा बर्फ

माझे भावोजी पनवेलचे बिल्डर. मागच्या हिवाळ्यात आम्ही गुलमर्गला गेलो, तेव्हा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे वरचा उतार स्नो-स्कूटरसाठी बंद होता. तसा फलकच लावला होता. भावोजींनी तो वाचला आणि म्हणाले, "आमच्या घाटात दर पावसाळ्यात दरडी कोसळतात. म्हणून आमी गाडी चालवायची सोडतो काय?" स्कूटरवाला नको म्हणाला, तर त्याला आपल्या वरपर्यंतच्या ओळखी सांगू लागले. बर्फाला कोणाची ओळख सांगणार होते, देव जाणे.

शेवटी माझ्या बहिणीने स्कूटरची किल्लीच काढून पर्समध्ये टाकली. "जायचंच असेल तर चालत जा." भावोजी चालत पनवेलच्या बाजारातही जात नाहीत. मग हॉटेलसमोरच्या सपाट मैदानापुरती किल्ली परत मिळाली. तिथे त्यांनी हेल्मेट घालून गोल चकरा मारल्या आणि मला व्हिडिओ काढायला लावला.

दुपारी मोठा गडगडाट झाला आणि तो अख्खा उतार खाली आला. भावोजींचा चहा सांडला. बराच वेळ त्यांनी बहिणीचा हात सोडला नाही.

परतल्यावर मात्र एका हळदीत ते पाहुण्यांना सांगत होते, "बर्फाचा रंग बघूनच मी ओळखलं, आज वर जायचं नाय." मी बहिणीकडे पाहिलं. ती शांतपणे जेवत होती.

"बोलू दे," ती म्हणाली. "जिवंत आहेत म्हणून तर बोलतायत."