बुरुजाचं पान

कणकवलीच्या फलाटावर आबा माझ्याशी बोलत नव्हते, गोणीशी बोलत होते. गोणीत उकडे तांदूळ होते, वर कोकमाची सोलं आणि नारळ कोंबलेले, आणि तोंड शिवताना सुतळी तोकडी पडली म्हणून ते सुतळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आई रडत होती, तीही गोणीकडेच बघून. कोकण रेल्वे नुकती सुरू झालेली. आपल्या तालुक्यातून गाडी थेट बडोद्याला जाते याचं गावाला एवढं अप्रूप की मी निघालेय याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. गाडीचा आवाज आला तेव्हा आबांनी एकदाच वर बघितलं. "देवान उजवो कौल दिल्यान हा. मगे भियातंस कित्याक?"

मी काय सांगणार? देवाने हो म्हटलं होतं, भीती मात्र माझ्याकडेच ठेवली होती.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे गावात राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण जे मुंबईत, आखातात वाढलात त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमच्याकडे काही ठरवायचं तर देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली पाकळी आधी सुटते ते सगळे श्वास रोखून बघतात. उजवी सुटली तर हो. डावी सुटली तर नाही. माझी शाळा आठवीत सुटली ती अशीच. पुढची शाळा खाडीपलीकडे, आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. आबांनी विचारलं, डावी पाकळी पडली. दिगंबरांचं स्थळ आलं, उजवी पडली. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात त्यांना नोकरी लागली, पुन्हा उजवी. मी आबांना दोष देत नाही. त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तर ते विचारायला गेले. पण झालं असं, की मी बडोद्याला उतरले तेव्हा तांदूळ निवडण्यापलीकडे आयुष्यात काही निवडलेलं नव्हतं.

बडोद्याने मला चांगलं वागवलं, हे आधी सांगते, कारण पुढे मी चिडणार आहे. वासणा भागात एका बंगल्याच्या गच्चीवर आम्हाला खोली मिळाली. खाली घरमालकीण, वसुधाताई. त्यांचे आजोबा संस्थानात अधिकारी, त्या स्वतः शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी, पण मराठीत निम्मं गुजराती. "बेस ने," "शांति राख," "एमां शुं आहे एवढं?" पहिले काही दिवस मी मान डोलवायचे आणि वर येऊन रडायचे. नवऱ्याचं नाव घ्यायला मी त्यांच्याकडेच शिकले. 'हे', 'आमचे' असं काही म्हणाले की ताई विचारायच्या, "कोण हे? नाव नाही का त्या माणसाला?" माझं फॉल-पिकोचं मशीनही त्यांच्याच व्हरांड्यात बसलं, आणि सोसायटीतल्या बायका साड्या घेऊन यायला लागल्या.

एवढं सगळं असून मी रोज घाबरायचे. दिगंबर कंपनीच्या बसमध्ये चढले की ते परत दारात दिसेपर्यंत मी खालच्या फाटकाकडे कान लावून असायचे. त्यांच्या कपड्यांना वास यायचा, लसूण जळल्यासारखा. मी विचारायचे, "बरं होतं ना सगळं?" ते म्हणायचे, "बरं होतं." वर्षानुवर्षं आमचं नंदेसरीबद्दल एवढंच बोलणं.

मग एकदा बरं नव्हतं. त्यांच्या खात्यात गॅस सुटला. कुणी दगावलं नाही, पण दिगंबर सुजलेले लाल डोळे घेऊन घरी आले आणि चहा मागून बसले, जणू रस्त्यात धूळ उडाली होती. ही बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. आबांनी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे फोन लावून मला बोलावून घेतलं. गावात आंब्याचा रस डब्यात भरायचा कारखाना निघत होता, तिथे जावयाला घेतील म्हणाले. "येत्या सोमवारी देवाक इचारतंय. उजवो दिल्यान, तर गाशा गुंडाळूचो."

घरी येऊन मी दिगंबरांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मला हे शब्द ऐकून इतका राग आला की मी पोळपाट आपटला. म्हणजे देव बोलणार सोमवारी, आबा बोलणार देवाच्या तोंडून, नवरा बोलणार नाही, आणि नंतर काही झालं तर सगळे माझ्याकडे बघणार! मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना एकदा स्पष्ट." ते म्हणाले, "मी सांगितलं की जन्मभर ऐकवशील, तुमच्यामुळे झालं म्हणून." तेही खोटं नव्हतं.

ताईंकडे एक पत्त्यांचा जोड होता. बदाम-इस्पिकचा नव्हे, चित्रांचा. टॅरो म्हणतात. त्यांची मुलगी इथे कलाशाखेत शिकली आणि अमेरिकेला गेली, तिचा तो मागे राहिलेला. ताई सकाळी चहा घेताना त्यातलं एक पान काढायच्या आणि बघत बसायच्या. मला वाटायचं त्या भविष्य बघतात. मी ठरवलं, सोमवारच्या आधी आपणच विचारून घ्यावं.

त्या सकाळी मी न्हाऊन, काही न खाता खाली गेले. ताई बागेत झारी घेऊन होत्या. मी पत्त्यांचा जोड पाटावर ठेवला, समोर नारळ, वर जास्वंद, उदबत्ती लावली, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू परमुलखात इला हा, तेका वाट दाखय रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारी माणसं लागतात, ती तिथे नव्हती, म्हणून तेही मीच म्हटलं. मनाशी ठरवलं होतं, चित्र सुलट आलं तर उजवा कौल, उलट आलं तर डावा.

"अगंबाई! पत्त्यांना नारळ?" ताई दारात उभ्या. झारीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं आणि त्या हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. "आणि ते मधे मधे काय म्हणत होतीस? मला वाटलं कुणी पाहुणे आलेत!"

मी रडायलाच लागले. तेव्हा मात्र त्या खाली माझ्याशेजारी बसल्या.

"हे बघ, यात पुढचं काही नसतं," त्या म्हणाल्या. "मी पान काढते, बघते, आणि मला काय वाटतंय ते स्वतःला खरं सांगते. एरवी मी स्वतःशी फार खोटं बोलते. लेक अमेरिकेला गेली तेव्हा सगळ्यांना सांगत होते, मजामां छुं, मजेत आहे. तेव्हापासून ही सवय. काढ तू पण."

मी काढलं. उंच दगडी बुरूज, माथ्यावर वीज कोसळलेली, खिडक्यांतून जाळ, आणि दोन माणसं डोकं खाली पाय वर, पडताहेत. चित्र सुलट, पण माणसं उलटी; हा कौल उजवा की डावा?

"चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"तुला काय दिसतं?"

"तुम्ही सांगा ना."

"मला माझं दिसेल. तुला काय दिसतं?"

"नंदेसरी," मी म्हणाले. "दिगंबरांचा कारखाना."

"असाच आहे तो?"

"माहीत नाही. मी कधी पाहिला नाही."

ताईंनी पानावर बोट ठेवलं. "मग हे कुठलं आणलंस?"

मी चिडले. उठलेच. म्हटलं, आमचा देव बरा, निदान हो का नाही ते सांगतो. तुमची ही चित्रं नुसते प्रश्न विचारतात. ताई म्हणाल्या, "चित्रं कुठे विचारताहेत? मी विचारतेय." वर त्यांनी तो नारळ मला परत दिला, दुपारी चटणी कर म्हणाल्या. जिना चढताना मी त्यांना मनातल्या मनात बरंच बोलले. पण तो प्रश्न माझ्या मागोमाग वर आला. भाजी फोडणीला टाकताना, मशीनवर बसताना, तेच. हे कुठलं आणलंस?

दिगंबरांच्या कंपनीत दरवर्षी सुरक्षा सप्ताहात घरच्यांना कारखाना दाखवायला नेत. दरवर्षी माझं पोट दुखत असे. नेमका तोच आठवडा चालू होता. मी म्हटलं, "शनिवारी मी येते." दिगंबर बघतच राहिले. "पोट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दुखतंय. तरी येते."

बसमध्ये सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्यांत. फाटकावर आम्हाला हेल्मेट दिली, ती अंबाड्यांवर बसेनात, गजरे चुरगळले, एकमेकींकडे बघून हसू आवरेना. बुरूज नव्हता. पाइपांचं जंगल होतं, वाफ होती, जमिनीवर पिवळे पट्टे होते, आणि निळ्या कपड्यांतला माझा नवरा होता, ज्याला सगळे 'दिगंबरभाई' म्हणत होते. घरी चहाचा कप कुठे असतो ते माहीत नसलेला हा माणूस एकेका व्हॉल्व्हवर हात ठेवून सांगत होता, हा कशाचा, हा केव्हा बंद करायचा, आधी कुठला. उंच खांबावर कापडाची एक लांब पिशवी वाऱ्याने फुगली होती. "आत शिरलो की पहिलं तिच्याकडे बघतो," ते म्हणाले. "गॅस सुटला तर ती जिकडे फुगलीय तिकडे पळायचं नाही. त्या दिवशी दोघं पळत होते, त्यांना ओढून आणलं. म्हणून डोळ्यांत गेलं."

"हे मला का नाही सांगितलं?"

"तू 'बरं होतं ना' एवढंच विचारायचीस."

 पुढे एका पाइपाला पट्टी गुंडाळलेली दिसली, खालून गंजलेला, थेंब थेंब गळणारा. मी बोट दाखवलं. त्यांचे सुपरवायझर पटेलभाई म्हणाले, "एनुं थई जशे, भाभी," आणि घोळका पुढे नेला. मी जागची हलले नाही. म्हटलं, "केव्हा होईल?" मग ते जरा ओशाळले. म्हणाले, "बीक लागे ए सारुं, भाभी. जेने बीक न लागे, एने अमे अंदर मोकलता ज नथी." भीती वाटते तेच बरं, न भिणाऱ्याला आम्ही आत पाठवतच नाही. वाक्य छान होतं, पण पाइप गळतच होता. दिगंबर हळूच म्हणाले, "मी मागे लागलोय त्याच्या. मी नसलो तर कोण लागणार?"

तुम्हाला वाटेल, मी तिथून धीट होऊन आले. नाही. उलट आता नेमकं कशाला घाबरायचं ते कळलं. पण परतीच्या बसमध्ये मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. हा माणूस गावी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसला तर माझी भीती जाईल, आणि आज बघितलेला दिगंबरभाईही जाईल. आणि माझं मशीन, माझ्याकडे साड्या घेऊन येणाऱ्या बायका, आठवीनंतर माझं म्हणून जे काही उभं राहिलं होतं, तेही.

रविवारी मी एसटीडीवर जाऊन आबांना फोन लावला. "आबा, उद्या कौल लावू नकात."

"कित्याक? देवापरास मोठी झालंस गो?"

"नाय ओ. पण देवान उजवो दिल्यान, तर माका येवचा लागतला. आणि माका येवचा नाय हा."

काचेच्या त्या खोक्यात मला घाम फुटला होता.  मग आबा म्हणाले, "उद्या काय झाला, तर कोणाक बोल लावतलंस?" मी म्हटलं, "माका." त्यांनी फोन ठेवला. पुढे कितीतरी महिने आईच बोलायची, आणि मागून आबांचा खोकला ऐकू यायचा. त्यांनी देवाला विचारलं की नाही, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आता कसं वाटतंय?" पुन्हा प्रश्नच! त्या आता मुलीकडे असतात, आणि तिकडून फोन करूनही प्रश्नच विचारतात. तो पाइप बदलला, पण दुसरा गळायला लागला. दिगंबर अजून शिफ्टला जातात. मी माझा स्वतःचा जोड आणला आहे, फार घाबरले की एक पान काढते, आणि अजूनही आधी बघते ते सुलट आलं की उलट. मग स्वतःवरच वैतागते आणि चित्राकडे बघते.

मे महिन्यात आम्ही गावी जातो. आई फणस कापते, आबा आता बोलतात, पडवीत चटई टाकून देतात. आणि मला तिथे इतकी गाढ झोप लागते, की चहाला हाका मारून आई दमते. आधी वाटायचं, हीच घराची खूण. माहेर ते माहेर. आता तसं वाटत नाही. तिथल्या चुलीचं, विहिरीचं, आबांच्या खोकल्याचंही काही माझ्या हातात नाही, म्हणून मी झोपते. पाहुणी आहे मी तिथे. बडोद्याला परतले की पहिल्याच शिफ्टला भीती पुन्हा हजर होते. दिगंबर बसकडे निघतात, मी गच्चीच्या कठड्याशी उभी राहते, आणि वारा कुठून कुठे वाहतोय ते बघते. या घरात मला धड झोप लागत नाही. हेच माझं घर.