कवळीनानांच्या हातची हिरडी

कवळीनानांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, तोंडं राहत. डिचोलीच्या बाजारात कोणी "नाना, ओळखलंत?" म्हटलं की ते म्हणायचे, "जरा आ करा." मग, "पाळी गावचे तुम्ही. वरची पूर्ण, खालची अर्धी, डावीकडे टोचत होती." पुढचं बोलणं निमूट आटपायचं, कारण मासळीवाल्या ऐकत असायच्या.

मी डिचोलीत दातांचा दवाखाना टाकला तेव्हा कवळ्या घडवणारा जवळपास दुसरा कोणी नव्हता. माप मी घ्यायची, कवळी नाना करायचे, मागच्या खोलीत. "डॉक्टरबाय, बरं झालंय," एवढं कौतुक सहा वर्षांत एकदा झालं. त्याच दिवशी दवाखान्यात नवी खुर्ची आली होती, तेव्हा ते बहुधा खुर्चीचं असावं.

नवी कवळी नाना तशीच देत नसत. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कांकणं आणलेली असत, ती पावाची कडक बांगडी. "चावा," म्हणायचे. मी सांगायची, "नाना, पहिला आठवडा मऊ खायचं असतं."

"ते पुस्तकात. हा घरी जाऊन पहिलं काय खाणार ते मला ठाऊक आहे."

कांकण मोडलं तर कवळी पास. कवळी मोडली तर नाना दोन दिवस माझ्याशी बोलत नसत, जणू कांकण मीच चावलं होतं.

लाटंबार्सेच्या भजनीबुवांची कवळी पास होऊनही तीनदा मोडली. वरचे दात गेलेले, खालचे स्वतःचे आणि खणखणीत. त्यांचा सगळा मार वरच्या कवळीवर, ती मधोमध चिरायची. तिसऱ्यांदा भर भजनात चिरली. दुसऱ्या दिवशी बुवा तोंडाला रुमाल धरून आले. "नाना, आता गाणं पुरे. पखवाजवालासुद्धा हसला." नानांनी तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाले, "चूक माझ्या हाताची." चूक हाताची नव्हतीच. साध्या ॲक्रिलिक प्लास्टिकची ताकदच तेवढी.

म्हणून मी ग्राफीनचं काढलं. कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा. तो ॲक्रिलिकमध्ये अगदी किंचित मिसळला की कवळी सहजासहजी चिरत नाही. तशी तयार चकती यंत्रात लावतात आणि यंत्र अख्खी कवळी कोरून काढतं. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कोळसो?"

"कोळशाचा भाऊबंद म्हणा."

"आमची आई कोळशाने दात घासायची तर डॉक्टरांनी तिला अडाणी ठरवली." मग म्हणाले, "यंत्र कोरणार, तर मग मी काय करू?" हे त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. मी बुवांचं माप डब्यात भरायला घेतलं.

कवळी पणजीच्या लॅबमधून आली. बुवांनी कांकण चावलं. कांकणाचा भुगा, कवळी जशीच्या तशी. नानांनी दुसरं दिलं, मग तिसरं. "नाना, पोट भरलं हो," बुवा काकुळतीला आले.

नाना कवळी घेऊन खिडकीशी गेले. "मजबूत आहे. पण ही हिरडी कोणाची?" चकती दातांच्या रंगाची असते, हिरडीचा थर वरून चढवतात, लॅबने सरसकट गुलाबी रंग थापला होता, केकवरच्या फुलासारखा. "जन्मभर उन्हात भात लावलेल्या माणसाची हिरडी अशी? आमच्या लोकांची जांभळट असते, मधे तपकिरी डाग." त्यांनी तो थर घासून काढला आणि दुपारभर बसून नवा चढवला. बुवांची बायको बघून म्हणाली, "आता कसे आमचेच दिसतात!"

बुवा पुन्हा गायले. गावाने यंत्राची वाहवा केली. नानांनी आपले पितळी साचे पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. त्यानंतर कवळ्या पणजीहून यायच्या आणि नाना हिरड्या करायचे. मला वाटलं, चला, नानांचं काम टिकलं.

पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. त्यांनी ब्रश माझ्यापुढे ठेवला. रोज दुपारी पेशंट संपले की शिकवणी. "डॉक्टरबाय, ही हिरडी की सारवलेली भिंत?" मी पदवीधर बाई, खाली मान घालून पुन्हा करायची. माझी एकही हिरडी पास झाली नाही.

मग त्यांची स्वतःची कवळी मोडली, स्वतःच घडवलेली. "यंत्राचीच करा," म्हणाले. "हिरडी तुम्ही." मी तीन दुपारी घालवल्या, आणि तरी पुढच्या दातांवरच्या हिरडीत एक तपकिरी डाग शाईच्या ठिपक्यासारखा उतरला. नानांनी आरशात बराच वेळ पाहिलं. याच्या निम्म्या चुकीला त्यांनी माझं काम फेकून दिलेलं होतं.

"द्या नाना, पुन्हा करते."

"पुन्हा कित्याक? बरी आसा."

दोन वर्षं त्यांनी तीच घातली. लग्नात, देवळात, बाजारात, ओळखीचा भेटला की वरचा ओठ बोटाने उचलून डाग दाखवायचे. "आमच्या डॉक्टरबायचं काम!" मी शेजारी असले तर धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं.

नाना जाऊन वर्ष झालं. आता माझा हात बसलाय. पेशंटांना खरी हिरडी कुठली आणि माझी कुठली ते कळत नाही. पण मी अजून प्रत्येक कवळी खिडकीशी नेते आणि कोणीतरी "भिंत" म्हणायची वाट बघते. कोणी म्हणत नाही.